पहिली तीस पानं सोडा

रऊफ सरांना जाऊन वर्ष होत आलं, पण माझा त्यांच्यावरचा राग काही जात नाही. लोक म्हणतात, मंदाबाई, माणूस गेला, आता सोडून द्या. काऊन सोडू? होते तेव्हा मला बोलायला जागा देत नव्हते, आणि आता उत्तर द्यायला हजर नाहीत. मग काउंटरवर बसल्या बसल्या मी एकटीच त्यांच्याशी भांडत असते.

खामगावातल्या एका लहानशा सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. सर उंद्रीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले, बायको आधीच गेलेली, एकुलती मुलगी नसरीन लग्न होऊन जालन्याला. हे खामगावात राहायला आले आणि सामान लावायच्या आधी आमच्याकडे सभासद झाले. त्या दिवसापासून माझ्या वाचनालयात शांतता म्हणून राहिली नाही.

बारा महिने डोक्याला कानटोपी. वैशाखात इथं डांबर वितळते, पण सर पंख्याखाली बसले की टोपी कानांवर ओढून घ्यायचे. खांद्याला बियाणं कंपनीची फुकट मिळालेली पिशवी, आणि पिशवीत पुस्तकं. ती आमच्या वाचनालयाची नव्हेत, त्यांची स्वतःची. वाचनालयात येऊन स्वतःची पुस्तकं वाटणारा सभासद मी तरी दुसरा पाहिला नाही.

आणि पुस्तकं कोणती? तर विज्ञान कादंबऱ्या. त्याही साध्यासुध्या नाही, लेखकानं पदरमोड करून स्वतः छापलेल्या. मी एकदा म्हटलं, "सर, मोठ्या प्रकाशनाच्या चांगल्या कादंबऱ्या आहेत आपल्याकडं. त्या सांगा ना लोकांना."

"त्याईले शिफारस कायले पाहिजे बाई? त्याईचं लग्न झालेलं आहे. ज्याईचं जमून नाही राह्यलं त्याईच्यासाठी मी फिरतो."

आपल्या जिल्ह्यातले इतके लोक अंतराळात जाऊन आलेत हे मला सरांमुळेच कळलं. मलकापूरचा एक लाईनमन, मेहकरचे एक निवृत्त तलाठी, नांदुऱ्याचा एक कंपाउंडर. सगळे सरांना शोधत यायचे, आधी हस्तलिखित दाखवायचे, छापून झालं की प्रती देऊन जायचे. आणि बाप्पा, या सगळ्यांची यानं उतरायची कुठं, तर लोणारच्या सरोवरात! तलाठ्याचं तिथंच, लाईनमनचंही तिथंच. मी वैतागून विचारलं की सर, अख्ख्या पृथ्वीवर यांना दुसरी जागा सापडत नाही का?

"एकदा आभाळातून पडलं ना तिथं? मंग दुसऱ्या खेपेले रस्ता मालूम आहे त्याईले." आणि स्वतःच खो खो हसले.

या पुस्तकांची मुखपृष्ठं म्हणजे विचारू नका. निळा ग्रह, त्यावर निळ्या डोळ्यांची गोरी बाई, आणि नाव इतकं चमचमीत की वाचता येऊ नये. सरांनाही ते कळत होतं, पण बोलायचे नाहीत. गुपचूप प्रत्येक पुस्तकाला जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घालायचे. त्यामुळं सगळी पुस्तकं सारखीच दिसायची आणि यांची स्वतःचीच गफलत व्हायची. दाताच्या डॉक्टरांना दातवाल्या यंत्रमानवाची कादंबरी द्यायची म्हणून तलाठ्याचं लोणार देऊन आले. डॉक्टर बिचारे शेवटपर्यंत दात शोधत राहिले.

कारण सरांची ती पद्धतच होती. ज्याचा जो धंदा, त्याला तशी कादंबरी. एकदा एक वहिनी काउंटरवर आल्या, रहस्यकथा मागत होत्या. मी कपाटाकडे वळले तेवढ्यात सरांनी गाठलंच.

"वहिनी, हे घेऊन जा. याच्यात एका बाईच्या घरातला फ्रीज बोलते."

"काय बोलते?"

"सासूच्या चुगल्या करते. फक्त पहिली तीस पानं सोडा. मंग यान उडते."

झालं, ती बाई माझी रहस्यकथा काउंटरवर टाकून फ्रीज घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सरांचा फोन, "कुठवर आलात?" तिसऱ्या दिवशी पुन्हा, "कुठवर आलात?" चौथ्या दिवशी ती पुस्तक परत द्यायला सरांकडं न जाता माझ्याकडं आली. "मॅडम, तुम्हीच देऊन टाका त्याईले. फ्रीजच्या कारखान्याचंच वर्णन संपून नाही राह्यलं."

ही तीस पानांची ओळ ऐकली की माझ्या कपाळावरची शीर उडायची. अहो, ज्या पुस्तकाची ओळखच "सोडा" या शब्दानं करून द्यावी लागते, ते पुस्तक कोण घेईल? पण सर प्रत्येकाला तेच सांगायचे. आणि नंतर तो "कुठवर आलात?" भाजीबाजारात, दवाखान्याच्या रांगेत, एकदा तर मयतीहून परतताना. खामगावात सरांना पाहून गल्ली बदलणारे लोक मी स्वतः पाहिले आहेत. निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी इतक्या शिफारशी टाकल्या की सगळ्यांनी ग्रुप म्यूट केला. सर मात्र रोज निळ्या खुणा मोजून खूश, "पाहा बाई, सगळ्याईनं पाहिलं."

लग्नाच्या आहेराची गोष्ट तर मी जन्मात विसरणार नाही. आमचे शिपाई गजाननभाऊ, त्यांच्या मुलीचं लग्न होतं. सरांनी लाईनमनची कादंबरी चमकीच्या कागदात बांधली, वरून पांढरं सूत गुंडाळलं आणि गाठ मारली. ती गाठ सरांची खास, दुहेरी, कात्री लावल्याशिवाय सुटायची नाही. मी म्हटलं, सर, नव्या संसारात पोरगी काय वाचणार आहे? तर म्हणे, तिचा नवरा वायरमन आहे.

पुढं कधीतरी नांदुऱ्याला माझ्या बहिणीच्या घराची वास्तुशांत झाली. आहेर उघडायला मी बसले. भिंतीवरचं घड्याळ, पुन्हा भिंतीवरचं घड्याळ, स्टीलचा डबा, आणि एक पाकीट. चमकीचा कागद, पांढरं सूत, दुहेरी गाठ. कितीजणांच्या हातून आलं कोण जाणे! आमच्याकडं आहेर असाच फिरतो, या घरचा त्या घरी. पण गाठ जशीच्या तशी. कोणी कात्रीसुद्धा लावली नव्हती.

मी ते पाकीट तसंच उचलून सरांपुढं आपटलं. म्हटलं, आता तरी डोळे उघडतील. तर सर त्याला हात लावून लावून पाहत राहिले, चेहरा फुललेला. "नांदुऱ्यापर्यंत गेलं? वा! फिरून राह्यलं ना!"

"सर, गाठ पाहा! कोणी उघडलंच नाही!"

ते गाठीकडं पाहत बसले. चहा आला, निवून गेला. मग कानटोपी खाली ओढून म्हणाले, "पुढच्या खेपेले गाठ ढिली मारतो."

या माणसावर चिडायचं तरी किती? मी एकदा हट्टालाच पेटले. म्हटलं, सर, या तुमच्या ढिगाऱ्यातलं एक, फक्त एक पुस्तक वाईट आहे असं म्हणा. मग मी तुमच्या सगळ्या शिफारशी ऐकीन. वाचनालयाच्या खरेदीतही घेईन. सरांनी पिशवी उलटी केली. एकेक पुस्तक उघडायचे, चाळायचे, बाजूला ठेवायचे. बराच वेळ गेला. शेवटी सगळी परत पिशवीत भरली.

"जे पुस्तक कोणी वाचलंच नाही बाई, त्याले खराब म्हणणारा पहिला मीच काऊन होऊ?"

आता बोला! पण याच चांगुलपणानं त्यांचा घात केला, आणि तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

त्या सगळ्या गठ्ठ्यात एका पुस्तकावर सरांचा खरा जीव होता. 'दुसऱ्या मातीची कपाशी'. लिहिणारी संगीता, वडनेर भोलजीला हायवेच्या कडेला तिचं पिको-फॉल आणि शिलाईचं दुकान. गोष्ट अशी की इकडच्या काही कुटुंबांना कापूस पिकवायला दुसऱ्या ग्रहावर नेलेलं असते. बऱ्याच वर्षांनी पृथ्वीवर परत जाणारं एकच यान येते. कादंबरीतल्या रेणूला त्यात जागा मिळते, तिच्या म्हाताऱ्या मायला मिळत नाही. रेणू यानाच्या दारात उभी आहे, आणि पहिला भाग संपतो. दुसरा भाग संगीतानं लिहिलाच नव्हता. आणि रेणू चढली की नाही, या एका गोष्टीनं सरांना पछाडलं होतं.

एके दिवशी मला म्हणाले, "चाला बाई, वडनेरले जाऊन येऊ. तुम्ही ग्रंथपाल आहात. संगीताबाई तुमचं ऐकतीन." गेलो. संगीता कटिंग टेबलावर ब्लाऊजचं कापड कापत होती. कापड सरकू नये म्हणून चार कोपऱ्यांवर वजनं ठेवलेली. पाहते तर चारही तिच्याच कादंबरीच्या प्रती! सरांनी त्या पाहिल्या आणि नजर दुसरीकडं वळवली.

"संगीताबाई, दुसरा भाग कुठवर आला?"

"सुरूच नाही केला, सर."

"काऊन?"

"कोणासाठी लिहू?"

"माझ्यासाठी लिहा ना. मी वाचलं. तीनदा वाचलं."

संगीतानं कात्री खाली ठेवली. बोलली अगदी हळू, पण मला त्या टेबलाखाली शिरावंसं वाटलं. "तुम्ही तर सगळ्याईचंच चांगलं म्हणता, सर. तलाठ्याचं चांगलं, लाईनमनचं चांगलं, माझंही चांगलं. त्या चांगल्याचं मी काय करू? मले भांडणारा वाचक पाहिजे. तोंडावर येऊन म्हणीन का बाई, हे काय लिहून ठेवलं तू! तसा एक आणा. मंग लिहीन."

परतीच्या गाडीत नांदुरा येईपर्यंत सर पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसले. त्यांचा असा पडलेला चेहरा मी आधी पाहिला नव्हता. आयुष्यभर ज्या लोकांची वकिली केली, त्यातल्याच एकीनं सांगितलं की तुमचा शब्द धरत नाही. मला संगीताचा राग आला, आणि ती बरोबर होती म्हणून जास्तच आला. खामगाव जवळ आल्यावर सरांनी खिडकीबाहेर पाहतच विचारलं, "बाई, ती चढली असन का हो यानात?"

त्यानंतर ते मला "वाचा" असं कधी म्हणाले नाहीत. फक्त रोज सकाळी ती कादंबरी माझ्या काउंटरवर ठेवून जायचे, माझ्याकडं तोंड करून. मी उचलून बाजूला ठेवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. शेवटी माझं डोकं सणकलं. म्हटलं घरी न्यावं, वाचावं, आणि या माणसाच्या तोंडावर सांगावं की तुमचं लाडकं पुस्तकसुद्धा टाकाऊ आहे. एकदाचा सोक्षमोक्ष.

रविवारी दुपारी घेऊन बसले. सुरुवातीला ग्रहाचं तापमान, मातीचा सामू, सूर्यापासूनचं अंतर. मायबाई! सोडून दिलं. पुढं वाचत गेले आणि एका जागी थांबले. यानात वजनाचं बंधन असते, मूठभर मातीही नेऊ देत नाहीत, म्हणून रेणूची माय परकराच्या नेफ्यात बुलडाण्याची काळी माती शिवून नेते. धुताना दर वेळी थोडी थोडी वाहून जाते. मी पुस्तक मिटलं आणि उगाच घरभर फिरून आले. परत बसले ती थेट शेवटाला. आणि शेवटाला ही रेणू दारातच उभी! पानामागून पान नुसती उभी! आग लागो त्या यानाले! मी तिथल्या तिथं संगीताला फोन लावला.

"ती चढत काऊन नाही?"

"कोण बोलते?"

"मी मंदा, खामगावची. मायनं स्वतः सांगितलं ना तिला जा म्हणून? मग इतकी पानं दारात कायले उभी करून ठेवली?"

"तुम्ही चढल्या असत्या?"

"तेव्हाच!"

"आणि तिच्या मायले कोण पाहीन?"

"शेजारचे पाहतील! ती माय काय पोरीला अडकवून ठेवणारी आहे का? तूच लिहिलं आहेस ना तसं?"

भांडण चांगलं रंगलं. ती रडली, मग मी रडले, मग दोघींनी पुन्हा आवाज चढवला. मध्येच ती थबकली. "मॅडम, तुम्ही पूर्ण वाचलं?"

"पूर्ण नाही तर काय! तेवढी पहिली तीस पानं सोडून."

"ती माझी नव्हतीच. सरच म्हणाले होते, विज्ञान कमी पडून राह्यलं, सुरुवातीले पाया टाका. ते सगळ्याईलेच सांगतात."

मी फोन ठेवला. फ्रीजचा कारखाना, लोणारच्या खडकांची रसायनं, लाईनमनचे ते व्होल्टेजचे तक्ते, सगळ्यांचा उगम एकच! जिल्ह्यातल्या प्रत्येक होतकरू लेखकाच्या छातीवर याच माणसानं तीस पानांचा धोंडा ठेवला होता, आणि मग हाच दारोदार सांगत फिरत होता की तो धोंडा ओलांडा.

सोमवारी सर आले तशी मी तुटून पडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "विज्ञान कादंबरी आहे, बाई. पाया नको?"

"मग सोडा म्हणून काऊन सांगता?"

"पोरं नाही सोडत होती का पहिला धडा? तरी तो पुस्तकात असतेच."

मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात त्यांच्या डोक्यात माझं आधीचं बोलणं शिरलं. "म्हणजे तुम्ही संगीताबाईशी भांडल्या?" त्यांनी कानटोपी काढली. पहिल्यांदाच. "किती वेळ?" मी म्हटलं, चांगला तासभर. ते खुर्चीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हसत होते की काय करत होते, मी विचारलं नाही.

संगीता लिहायला बसली. एकेक प्रकरण मला फोनवर पाठवायची, मी भांडायची, ती पुन्हा लिहायची. या वेळी पाया-बिया काही नाही, पहिल्याच ओळीत यानाचं दार. सरांना मात्र तिनं एक ओळही दाखवायची नाही असं मला बजावलं होतं. ते वाचतील तर छापलेलंच. आणि सर रोज काउंटरवर येऊन विचारायचे, "कुठवर आलं?"

त्यातच सरांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा मशीन लावायला सांगितलं. नसरीन येऊन हटून बसली, अब्बा, आता जालन्याला चला. सर नाही नाही म्हणत राहिले आणि शेवटी कबूल झाले. पुस्तक तेव्हा नुकतं छापायला गेलं होतं.

मी बसस्टँडवर पोहोचवायला गेले. चिखलीमार्गे जालना गाडी. नसरीन सामान ठेवायला आत चढली. सर खाली उभे, पाय सुजलेले, सँडलचे पट्टे सैल सोडलेले. मला राहवेना. रेणूचं काय झालं हे मला ठाऊक होतं. आणि डॉक्टर नसरीनला काय म्हणाले होते, तेही ठाऊक होतं.

"सर, सांगून टाकते. चढली का नाही ते."

"खबरदार!"

"अहो, पुस्तक यायला वेळ आहे. हट्ट सोडा. ऐका तरी."

"बाई, तुम्ही सांगसान तर मंग मी वापस कायले येऊ?"

मी घसरलेली पिशवी त्यांच्या खांद्यावर सारखी केली. ते कठड्याला धरून एकेक पायरी चढले.

सर परत आले नाहीत. पुस्तक छापून आलं, तोवर ते राहिले नव्हते. संगीतानं त्यांच्या नावाची प्रत माझ्याकडं आणून दिली, तिला मी कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलं आहे. लोक ती मागतात, मी देते, आणि परत आली की प्रत्येक वेळी मनात त्यांना म्हणते, काय बिघडलं असतं तेव्हा ऐकलं असतं तर? ज्या एका गोष्टीसाठी जीव टाकला, तीच न ऐकता निघून गेले. याचाच राग आहे माझा. दुसरा कशाचा नाही.

बसस्टँडवर त्या दिवशी जालना गाडी सुरू झाली तेव्हा सर खिडकीशी होते, आणि त्यांच्या शेजारी मांडीवर फवारणीचा पंप धरून बसलेला एक माणूस. नसरीन मागच्या सीटवर. गाडी अजून फलाटावरून मागं येत होती आणि सरांनी पिशवीत हात घातला होता. कॅलेंडरचं कव्हर. 'दुसऱ्या मातीची कपाशी'. त्या माणसानं पुस्तक घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, पहिलं पान उघडलं. आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. सर उत्साहात भलतंच काहीतरी सांगत होते, हातानं यान उडवून दाखवत होते, आणि नेमकी ती ओळ विसरले होते! तो माणूस पुस्तक मिटून परत द्यायला लागला.

मी पदर खोचला आणि खिडकीकडं धावले. सरांनी मला धावत येताना पाहिलं. खिडकीची सळई धरून मी जीव खाऊन ओरडले, "ओ भाऊ! पहिली तीस पानं सोडा! मंग यान उडते!"

माणूस दचकला. त्यानं अंगठ्यानं पानांचा एक गठ्ठा उलटला आणि खाली मान घातली. गाडी गेटाबाहेर वळली. सरांनी मात्र माझं ते ओरडणं ऐकलंच नाही. मी शेवट सांगायला धावत आले असं वाटून त्यांनी टोपीवरून दोन्ही कान गच्च दाबून धरले होते.